डेलियाचा कंद दरवर्षी पावसाळ्यात का कुजतो, आणि पुढच्या वेळी काय बघून घ्यायचा

डिसेंबरात फुललेली कुंडी आणायची, फेब्रुवारीपर्यंत दारात मिरवायची, झाड वाळलं की कंद तसाच कुंडीत ठेवायचा आणि सप्टेंबरात माती उकरली की हाताला लागतो तो काळा, घाण वासाचा चिखल. पुणे असो, नाशिक असो की ठाण्यातली गॅलरी, डेलिया लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक हीच असते. पुढच्या डिसेंबरात पुन्हा नवी कुंडी. ज्यांनी वाळके कंद पाकिटातून मागवले त्यांचं दुखणं थोडं वेगळं: कंद कुजत नाही, पण महिना उलटला तरी फुटतही नाही.

आधी कुजण्याचं बघू. त्याचं कारण नीट समजलं की अर्धे उपाय आपले आपणच सुचतात.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून ते त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. तिकडे पाऊस साधारण आपल्यासारखाच उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आसपास आटोपतो. पहिल्या पावसाला कंद फुटतो, पावसात झाड वाढतं, पाऊस सरता सरता फुलतं आणि मग कोरड्या हिवाळ्यात कंद जमिनीखाली निजतो. उताराची जमीन असल्याने पाणीही मुळाशी थांबत नाही. आपण सपाटीवर हे चक्र उलटं फिरवलंय. ऑक्टोबरात लावतो, थंडीत फुलवतो आणि उन्हाळ्यात निजवतो. म्हणजे कंद गाढ निजलेला असताना त्याच्यावर आपला जून-जुलै येऊन कोसळतो. निजलेल्या कंदाला पानं नसतात, त्यामुळे पाणी ओढून घेणारं कुणी नसतं. मातीत आलेला ओलावा तिथेच बसून राहतो आणि कंद सडायला लागतो.

मग पावसाळ्यातच का लावू नये? कोकणात आणि घाटमाथ्यावर तर प्रश्नच नाही, तो मारा हे झाड झेलू शकत नाही. पुण्यासारख्या ठिकाणीही आठवडाभर ऊन पडलं नाही की झाड उंच, लुकडं होतं, पानांवर डाग पडतात आणि फूल पाण्याने जड होऊन मान टाकतं. थंडीतला डेलिया आपल्याकडे खरोखर सुंदर येतो, तो मोडायचं कारण नाही. फक्त त्याची झोप पावसाच्या हाती द्यायची नाही, एवढं सांभाळायचं.

कुजणं कुठून सुरू होतं

एकदा कुजलेला कंद धुऊन, उभा चिरून बघा. बोटांसारखे कंद बऱ्याचदा बाहेरून अजून घट्ट असतात आणि सड असते ती वर, बुडख्याशी. डेलियाची जून फांदी आतून पोकळ असते. मार्चमध्ये आपण वाळलेलं झाड वीतभर वर कापतो आणि तो तोडलेला खुंट उघडा राहतो. पावसाचं पाणी त्या नळीतून थेट खाली उतरतं आणि जिथे सगळे कंद एकत्र जोडलेले असतात नेमकं तिथे साचतं. नवे डोळेही, म्हणजे कोंब फुटायच्या जागाही, तिथेच असतात. म्हणून अर्धे कंद टणक असले तरी झाड गेलेलंच असतं.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. कापलेल्या खुंटाच्या तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून सुतळीने बांधा. त्याहून उत्तम म्हणजे मेअखेर कुंडी सरळ आडवी करून छताखाली ठेवा. आडव्या कुंडीत पाणी साचत नाही. गॅलरीत पावसाची झड आत येत असेल तर कुंडी घरात, जिन्याखाली, पलंगाखाली, जिथे कोरडं असेल तिथे.

विदर्भ-मराठवाड्यात उलटा धोका असतो. तिथे पाऊस येण्याआधीच मे महिन्यातलं ऊन कंद सुकवून टाकतं. कुंडीची माती तापून भट्टी होते, कंदावर सुरकुत्या पडतात आणि तो कडक, पोकळ होतो. तिथे कंद मातीसकट काढून, किंचित दमट वाळूत किंवा कोकोपीटमध्ये दडपून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात जमिनीवर ठेवावेत. दमट म्हणजे मुठीत आवळलं तर पाणी निघणार नाही इतपतच. डेलियाच्या कंदाला साठवणीत ४ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं, त्यामुळे दोन-चारच कंद असतील तर फ्रिजचा भाजीचा कप्पाही चालतो. कागदी पिशवीत कोकोपीट भरून ठेवा आणि शेजारी पिकणारी फळं ठेवू नका. कुठेही ठेवलेत तरी महिन्यातून एकदा उघडून बघायचं. मऊ पडलेला कंद दिसला तर तेवढाच कापून टाकायचा, सुरकुतला असेल तर वरून हलकं पाणी शिंपडायचं.

फुटत नाही, तेव्हा

डेलियाचा कंद बटाट्यासारखा दिसतो म्हणून बरेच जण तो बटाट्यासारखा चिरून लावतात आणि इथेच घात होतो. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाच्या अंगावर एकही नसतो. तो खरं तर फुगलेलं मूळ आहे. डोळे असतात ते फक्त जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची निमुळती मान खोडाला चिकटते त्या कड्यावर. त्या कड्याचा तुकडा सोबत नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, जन्मात फुटणार नाही. गंमत अशी की तो मरतही नाही. मातीत पांढरी मुळं सोडतो, टणक राहतो आणि आपण आशेने पाणी घालत बसतो.

म्हणून कंद हातात घेतल्यावर क्रम असा ठेवा. आधी मान बघा. ती मोडलेली, चिरडलेली किंवा सालीवर नुसती लोंबकळत असेल तर कंद घेऊ नका. मान मोडली की डोळ्याला अन्न पोचत नाही. मग खोडाच्या बाजूचा भाग उजेडात तिरका धरा. डोळा बारीक पुटकुळीसारखा दिसतो, कधी गुलाबी, कधी हिरवट. निजलेल्या कंदावर तो नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. तेव्हा तो भाग वर ठेवून कंद दमट कोकोपीटवर, उबदार जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवा. जिवंत असेल तर डोळे फुगून वर येतात. शेवटी दाबून बघा. कंदाचा आकार फारसा महत्त्वाचा नाही. अंगठ्याएवढा पण मान आणि डोळा शाबूत असलेला कंद चांगलं झाड देतो, आणि मुठीएवढा बिनडोळ्याचा काहीच देत नाही. ऑनलाइन फोटोत मोठ्ठे कंद मांडलेले असतात पण मानेकडचा भाग दिसत नाही; अशा वेळी विकणाऱ्याला तेवढ्याच भागाचा फोटो मागा.

डोळा आहे, कंद टणक आहे, तरी लावल्यावर सडला, असं झालं तर दोष पाण्याचा. कंद लावताना माती जेवढी दमट असेल तेवढी पुरे. कोंब मातीवर दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही. ज्यांना रोज सकाळी झारी फिरवायची सवय आहे त्यांना हे जड जातं, पण कंदात त्याचं स्वतःचं पाणी असतं आणि मुळं सुटेपर्यंत त्याला वरचं लागत नाही. कुंडीतलं मिश्रण भुसभुशीत हवं: पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू किंवा कोकोपीट, तिन्ही जवळपास सारखे, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको.

कंद काढल्यावर पोखरलेला दिसला आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी जाड अळी सापडली तर ती हुमणी. ती सहसा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते, म्हणून खत चाळून घ्या. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, तिथे झेंडू लावा.

आता खरेदीकडे, कारण निम्मे आजार आपण विकत घेऊन घरी आणतो

डिसेंबरात रस्त्याकडेला मिळणारी फुललेली कुंडी ही फुलांच्या गुच्छासारखी घ्यावी, महिना-दोन महिने आनंद घ्यावा आणि त्यापुढची अपेक्षा ठेवू नये. ती कुठून आली, कुठल्या झाडाची कलम, हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच आहे, पण त्यातल्या कित्येकांकडे माल बाहेरून उतरतो आणि तिथून पुढे जातो. त्यात वाईट काही नाही. फक्त वर्षानुवर्षं टिकणारा डेलिया हवा असेल तर जिथे मातृरोपं, म्हणजे ज्यांच्यापासून कलमं काढतात ती मूळ झाडं, स्वतःच्या वाफ्यात आहेत, जिथे घरचीच माणसं कलमं करतात, अशी छोटी रोपवाटिका शोधा. माझं ठाम मत आहे की यासाठी अर्धा दिवस घालवणं महागड्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

तिथे जायची वेळ जानेवारी. घ्यायला नाही, बघायला. तेव्हा मातृरोपं पूर्ण वाढलेली आणि फुलावर असतात, झाडाची तब्येत लपत नाही. सरळ विचारा, “काका, याचं मूळ झाड कुठंय? बघू का?” ज्याच्याकडे आहे तो आनंदाने वाफ्यावर नेतो. फुलापेक्षा पानं बघा. निरोगी झाडाचं पान सपाट, एकसारखं हिरवं असतं. डेलिया मोझॅक हा विषाणू असेल तर मधल्या शिरेच्या आणि तिच्या फाट्यांच्या कडेने पिवळट पट्टा दिसतो, पान आक्रसतं आणि झाड त्याच जातीच्या शेजारच्या झाडापेक्षा बुटकं, झुडपासारखं राहतं. मावा हा विषाणू पसरवतो. त्यावर औषध नाही. आजारी झाडाचा कंद आजारी, त्याची प्रत्येक कलमही आजारी. मातृरोप बघण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

इथे एक गोष्ट नीट ओळखायला हवी, नाहीतर धडधाकट झाड उपटलं जाईल. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर डेलियाची कोवळी पानं अनेकदा पिवळी पडतात, पण ती लोहाच्या कमतरतेने. त्यात शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा पिवळी होते. विषाणूत बरोबर उलटं: पिवळेपणा शिरांना धरून असतो. पान सूर्याकडे धरून बघितलं की फरक स्पष्ट कळतो. लोहाची कमतरता चिलेटेड लोहाच्या (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाच्या) फवारणीने आणि शेणखत वाढवल्याने भरून निघते.

खोडाच्या बुडाशीही वाकून बघा. मातीलगत फुलकोबीच्या गड्ड्यासारखा बारीक, जाडसर कोंबांचा गुच्छ असेल, ज्यातला एकही कोंब धड वाढत नाही, तर ती जिवाणूजन्य पानगाठ आहे. कंदावर किंवा खोडावर खडबडीत, बटाट्याच्या सालीच्या रंगाची गाठ असेल तर तोही जिवाणूच, वेगळ्या जातीचा. दोन्ही रोग मातीतून आणि कलम करायच्या पात्यावरून पसरतात. म्हणून दुसरा प्रश्न विचारा, “कलम करताना पातं कशात बुडवता?” स्पिरिट, ब्लीचचं पाणी, आचेवर धरणं, यांपैकी काहीही चालेल. उत्तर आलं नाही तर रोप कितीही देखणं असो, मी तिथून घेत नाही. आणि आजारी झाडाचं काय करता हेही विचारा. जो वाफ्यातलं झाड उपटून जाळतो, त्या माणसाला चार पैसे जास्त द्यावेत. त्याने तुमच्यासाठी नुकसान सोसलेलं असतं.

आवडलेली जात सांगून ठेवा आणि रोप घ्या सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, मुळं धरलेल्या छाटकलमाच्या रूपात. पिशवीतलं रोप अलगद काढून मुळं पांढरी आहेत ना बघा. आणखी एक बारकावा: कलम गाठीच्या, म्हणजे पानाच्या पेराच्या लगेच खाली कापलेली आणि ते पेर मातीत असलेली हवी. पेर मातीत नसलेल्या कलमेला फुलं येतात, खाली कंदही धरतो, पण त्या कंदाला डोळा येत नाही. झाड पुढच्या वर्षी उठत नाही आणि दोष मात्र पावसाळ्यावर जातो.

झाड गमवायचं नसेल तर कंद लवकर जागा करा

जून-जुलै कोरड्यात निघाला की ऑगस्टमध्ये कंद बाहेर काढा. पसरट ट्रेमध्ये कोकोपीट आणि वाळू भरून कंद निम्मा दडपा, मान आणि खोडाचा भाग वर उघडा ठेवा. छताखाली, भरपूर उजेडात. हलकं दमट ठेवलं की काही आठवड्यांत कोंब येतात. कोंब बोटभर उंच झाला, पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने पेराच्या खाली कापा. बुडाशी एक जोडी राहू दिली तर तिथून पुन्हा कोंब फुटतात. कोंब भरीव असतानाच कापा, पोकळ झालेला नीट मुळं धरत नाही. वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. अशा कलमा ऑक्टोबरात १० ते १२ इंची कुंडीत जातात. मूळ कंद नंतर गेला तरी झाड तुमच्याकडे राहतं. झाडाच्या मूळ स्वभावाशी हे जुळतंही: पावसाच्या दिवसांत त्याला जागंच व्हायचं असतं, आपण फक्त डोक्यावर छप्पर देतो.

वाढीतल्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली की कंदात घुसते. युरिया नको, नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. कळ्या दिसू लागल्यावर पालाश द्या. थंडीत पानावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी, तापत्या उन्हात कधीच नाही. फेब्रुवारीत ऊन चढलं आणि पानं खालून तांबूस, जाळीदार झाली तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दर दोन-तीन दिवसांनी मारा. मावा आणि फुलकिड्यांना लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. मावा हलकेपणाने घेऊ नका, विषाणू तोच आणतो.

डिसेंबरअखेर भरगच्च जातीच्या फुलाचा मधला भाग उघडा, पिवळा दिसायला लागला म्हणून काहीजण घाबरतात. तो रोग नाही. पुण्याला २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दिवस साधारण ११ तासांचा असतो, आणि दिवस आखडला की डेलिया फुलाकडचं बळ कंदाकडे वळवतो. फुलं भरगच्च हवी असतील तर कलम सप्टेंबरअखेर लावून पहिला बहर नोव्हेंबरात घ्या. गच्चीवर दिवा लावून दिवस १४ तासांपर्यंत लांबवणारेही आहेत.

आत्ता, हे वाचताना हातात अर्धवट सडलेला कंद असेल तर

धुऊन माती काढा. मऊ भाग सडका तुकडा मागे न ठेवता कापा, आतला गर स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर पातं पुसा. मान आणि तिच्यावरचा खोडाचा कडा शिल्लक आहे का बघा. तो सडला असेल तर बाकीचे टणक कंद ठेवून उपयोग नाही. तो शाबूत असेल तर कापलेल्या जागी गंधक किंवा चुलीतली चाळलेली राख लावा, एक-दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, काप कोरडा खडखडीत झाला पाहिजे. मग वर सांगितल्याप्रमाणे ट्रेमध्ये, मान उघडी ठेवून. काढलेली सड, गाठीचे किंवा विषाणूचे भाग कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि ती कुंडी ब्लीचच्या पाण्याने धुऊन आठवडाभर उन्हात उपडी ठेवा.